बिराप्पाची रिकामी सीट

रिकामी सीट दिसली की बिराप्पाच्या पोटात दुखायचं. सोलापूर ते मंद्रूप वडाप करणारी, म्हणजे सीटमागे भाडं घेऊन माणसं नेणारी त्याची जीप ठासून भरली असं आम्हाला वाटायचं, तेव्हा ती त्याच्या हिशेबानं निम्मी झालेली असायची. घराणं मेंढपाळाचं. "गुरुजी, मेंढरं बगा की, चिटकून बसली तरच ऊब ऱ्हाती," म्हणत तो मला आणखी आत ढकलायचा. एकदा माझं नाक खाजलं म्हणून खाजवलं, तर ते शेजारच्या तलाठ्याचं निघालं. त्यालाही बरं वाटलं. मंद्रूपला उतरल्यावर आपापले हातपाय मोजून घ्यायचे आणि मगच शाळेत शिरायचं, असा आम्हा मास्तरांचा शिरस्ताच होता.

पुढे एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. बायका गेल्या, त्यांच्या मागे पिशव्या गेल्या, पिशव्या उचलायला नवरेही गेले. जीप विकायची पाळी आली. तेव्हा त्याची बायको शेवंता म्हणाली, एसटीपुढं भाड्यात तुमचा टिकाव लागायचा नाही, लोक तुमच्या गाडी भरेपर्यंत ताटकळत ठेवण्याला विटलेत, तुम्ही वेळेवर सुटा. बिराप्पानं दोन जेवणं टाकली आणि मग स्टँडबाहेर जाहीर केलं, "उद्यापासनं नऊ म्हंजे नऊ. भरली तरी, न्हाय भरली तरी."

हा माणूस रिकामी गाडी हलवणार कशी, हे बघायला मी मुद्दाम जाऊन बसलो. आत मी, एक म्हातारा आणि त्याचं कोंबडं. नऊ वाजले. घरातलं माणूस पोचवायला निघाल्यासारख्या चेहऱ्यानं त्यानं किल्ली फिरवली. तेवढ्यात मागून हाक आली. आरशात बघतो तर शेवंता, त्याचा विसरलेला डबा उंचावून धावत येतेय. बाकीचे वडापवाले दात काढून बघत होते. मी म्हटलं, अरे थांब.

"हिच्यासाटी थांबलो, तर उद्या समद्यांसाटी थांबावं लागंल," असं म्हणून त्यानं ब्रेकवरचा पाय काढला. वाटभर त्याची नजर रस्त्यापेक्षा आरशातच जास्त होती.

मंद्रूपला उतरतोय तोवर मागून एसटी आली. शेवंता ऐटीत खाली उतरली आणि तिनं डबा त्याच्या हातात ठेवला. "खिडकीला बसून आले. अर्ध्या तिकिटात. तुमी वेळेवर सुटलासा, बरं केलासा."

ही हकिकत आठवडी बाजारात चटणीसारखी खपली. जो बायकोसाठी थांबला नाही तो कुणासाठीच थांबायचा नाही, अशी लोकांची खात्री पटली. महिन्याभरात जीप अशी भरायला लागली की कोंबड्यालाही एका पायावर उभं राहावं लागलं.

शेवंता मात्र मंद्रूपला यायचं झालं की अजून एसटीनंच येते. परवा गर्दीत मी बिराप्पाशेजारच्या मोकळ्या सीटवर टेकलो, तर त्यानं मला उठवलं.

"ती शीट भरलीया, गुरुजी."

"कुणानं?"

त्यानं आरशात एकदा मागचा रस्ता बघून घेतला. नऊ वाजले होते. "कवा मन बदलंल, सांगता येतंय व्हय," असं म्हणत त्यानं किल्ली फिरवली.