सत्याच्या तासासाठी काढलेली रजा

सत्यावर भाषण द्यायला जाण्यासाठी मी खोटं बोलून रजा काढली.

माझी बायको शालन बारामतीजवळच्या एका शाळेत सातवीला शिकवते. तिच्या मूल्यशिक्षणाच्या तासाला पोरं अक्षरशः भांडतात. भुकेल्यानं पेरू तोडला तर ती चोरी का? मैत्रिणीची चूक बाईंना सांगावी का? 'एकदा बाहेरचा माणूस बोलवायचाय,' ती म्हणाली आणि मी लगेच हात वर केला! पण मी साखर कारखान्याच्या हापिसात. गाळपाच्या हंगामात रजा कोण देतंय? साहेबांना फोन लावला, "सासूबाई लई आजारी हायत!"

वर्गात शिरलो, तर मागच्या बाकावर सासूबाई! जावयाचं भाषण ऐकायला भिगवणहून पहिल्या एसटीनं आलेल्या. ठणठणीत! (वर शेंगा सोलत!) मी घाम पुसला आणि म्हणालो, "मुलांनो, नेहमी खरं बोलावं."

खिडकीजवळची मुलगी उठली. "काका, तुमच्या सासूबाईंना आता बरं हाय का? पप्पा सकाळी म्हणत व्हते."

आमच्या साहेबांची पोरगी, गौरी!

"मला काय धाड भरलीया?" मागून गर्जना झाली. "साधी शिंक न्हाय आली!"

वर्ग खदखदला. दुसऱ्या कुणाची बायको असती तर तिथंच त्याची बिनपाण्यानं केली असती. शालननं शांतपणे पोरांना विचारलं, "आता काकांनी काय करावं?"

"मुकाट घरी जावं!"

"आजींनी थोडं खोकावं!"

"तेनं खोट्याचं खरं व्हतं व्हय?"

गौरी विचार करून म्हणाली, "काकांनी पप्पांना खरं सांगावं. पण बाई, खरं सांगणाऱ्यावर ओरडू नये, हे पप्पांनी बी शिकाय पायजे. त्यांच्या भ्यावानंच माणसं खोटं बोलत्यात."

पन्नाशी आली तरी माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं! आणि शालननं एक शब्द न पढवता ते पोरीच्या तोंडून काढलं होतं.

मी साहेबांना फोन स्पीकरवर लावला. "साहेब, सासूबाई धडधाकट हायत. भाषणासाठी खोटं बोललो."

"पप्पा, ओरडू नका," गौरी म्हणाली, "सगळा वर्ग ऐकतोय!"

पलीकडून साहेब हसले. "असा तास आपल्या हापिसात पण ठेवू या का?"

"ठेवू की साहेब!" मी छाती फुगवली. "कवा येऊ बोलायला?"

"तुमी न्हाय हो! वहिनींना पाठवा. तुमी सतरंज्या टाका."