शिंपणं, पोर नि मी एकटी

सासूबाय विहिरीच्या ओल्या दगडावरनं घसरल्या नि पाय मुरगळून बसल्या, त्याच आठवड्यात हे नारळ घेऊन आगबोटीनं मुंबईला गेलेले, नि पोर नेमकी तेव्हाच रांगायला लागलेली. सगळं एकदम. आमची वाडी दिवेआगरला, घराच्या मागंच, नारळ थोडे नि सुपारी जास्त. सुपारीला एक दिवसाआड पाणी द्यावंच लागतं, त्याला आम्ही शिंपणं म्हणतो. चुकलं की झावळ्या पिवळ्या. त्यात ह्यांनी त्या साली नवी रोपं लावलेली, ती तर तान्ह्या पोरासारखीच नाजूक. आता ते शिंपणं आलं माझ्या गळ्यात.

मला आधीच सगळ्याची भीती वाटते. शाळेत होते तेव्हा मास्तरांची वाटायची, चवथी व्हायच्या आतच शाळा सुटली म्हणून ती एक भीती तरी कमी झाली. विहिरीची तर फारच वाटते, कारण आमच्या विहिरीला कठडा न्हाय. सासूबायनापण तेच वाटत असणार. पाय लेपात बांधून पडवीत पडल्या पडल्या मला म्हणाल्या, "अगो, पोरीला माणगावला धाडू या. आत्या बघेल तिची. घरात म्हशीचं दूध हाय."

"किती दिवस?"

"हा मुंबईसनं येईस्तोवर. मंग बघू."

ते 'मंग बघू' ऐकलं नि मला वन्संच आठवल्या. वन्सं, म्हणजे ह्यांची मोठी बहीण, माणगावात दिलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोटी मूल न्हाय. बारशाला आल्या तर पोरीला मांडीवरनं खाली उतरू देईनात. एकदा पोर तिकडं गेली की ती परत येते कसली, हेच माझ्या मनात. पण सासूला असं तोंडावर कसं बोलायचं? मी म्हटलं, "नको नको, मी बघते ना सगळं. शिंपणं बघते, पोर बघते, भातपण बघते. तुम्ही नुसत्या पडून राहा."

"सगळं?"

"व्हय, सगळं."

"बरं बाय. निरोप तर गेलाय, सोमवारी येतेय ती. तिलाच दाखव काय ते."

मंग मी सगळं बघायला लागले. आमचा रहाट बैल ओढतो. बैलाच्या डोळ्यांना झापडं बांधायची नि त्याला गोल गोल फिरवायचा, की मातीची गाडगी विहिरीतनं भरून वर येतात, पाणी काठावरच्या लाकडी डोणीत पडतं, डोणीतनं पाटात, नि पाटातनं एकेका झाडाच्या आळ्यात. एक आळं भरलं की खोऱ्यानं माती लावून त्याचं तोंड बंद करायचं नि पुढचं उघडायचं. बैल आमचा गुणाचा, पण त्याला सारखं 'हो हो, चल रे' ऐकू यावं लागतं. आवाज थांबला की त्याला वाटतं सुटी झाली.

म्हणजे तोंड बैलाकडे, हात मातीत, कान पोरीकडे नि नाक चुलीवरच्या भाताकडे. राहिला एक डोळा, तो विहिरीकडे.

पोरीसाठी मी काय केलं, तर रहाटाजवळच्या दोन पोफळींना, म्हणजे सुपारीच्या झाडांना, जमिनीपासनं वीतभर वर लुगड्याची झोळी बांधली नि झोळीची दोरी बैलाच्या वाटेत अशी ताणली, की रहाटाचं फिरणारं आडवं लाकूड दर फेरीला दोरीला घासून जाईल. बैल फिरला की झोळी हलायची. मला एवढा आनंद झाला! सासूबायना सांगितलं तर म्हणाल्या, "आता बैलाला अंगाईपण शिकव."

पण शिंपणं काही पुरं होईना. दिवेलागण व्हायची तरी खालची रोपं कोरडीच. मंग मी म्हटलं एकेक आळं कशाला, दोन दोन उघडू, तीन तीन उघडू, पटकन होईल. तर पाणी सगळीकडे नुसतं पाय ओले करून जाई, आळं एकपण भरेना. नि मध्येच भाताचा वास आला की मी पळायची घराकडे, अर्ध्या वाटेत आठवायचं की पाणी तसंच सोडलंय, मंग परत मागं. एकदा तर चुलीपुढं उभी राहून 'हो हो, चल रे' म्हणत होते. सासूबाय पडवीतनं ओरडल्या, "अगो, भाताला हाकतेस काय?"

सोमवार आला. वन्संनी येऊन बघावं, तर वाडी भिजलेली, पोर झोपलेली, भात तयार, असं मला पायजे होतं. पोरीला झोळीत घातलं, बैल सुरू केला, भात चढवला नि खाली नव्या रोपांकडे गेले. तर पाटाला पाणीच येईना. रहाट कुरकुरतोय, गाडगी वर येतायत, हे कानांनी ऐकू येतंय, पण पाटात आपली बारीकशी धार. म्हटलं खेकड्यानं बांध पोखरला. खोऱ्यानं बीळ शोधत बसले, मध्येच बैलाला हाक, मध्येच भाताचा वास, आणि तेवढ्यात रस्त्याला घुंगरं वाजली. वन्संची गाडी!

पदर सारखा करेपर्यंत वन्सं वाडीतच आल्या. "पोर कुठाय?"

"झोळीत. झोपलीय." मी दाखवली. झोळी छान हलत होती.

वन्संनी वाकून बघितलं. "अगो, ह्यात तर कोण न्हाय."

मी विहिरीकडे बघितलं. खोरं हातातच, तशीच धावले. काठावर पालथी पडून आत बघितलं तर खाली काळं पाणी नि त्यातनं वर येणारी गाडगी. ओरडायला गेले तर आवाज फुटेना. नि आवाज न्हाय म्हणून बैल थांबला. रहाट थांबला. सगळी वाडी एकदम गप झाली.

तेव्हा ऐकू आलं. छप. छप छप.

डोणीच्या पलीकडं, केळीच्या आड, पोर पाटात बसली होती. अख्खा पाट अडवून. मांडीएवढं पाणी तुंबलेलं नि ती दोन्ही हातांनी त्याला मारत होती. माझी नवी रोपं कोरडी का, ते तिथं बसलं होतं.

मी धावले. वन्सं म्हणाल्या, "आधी ते खोरं टाक," नि मी खोरं टाकेपर्यंत त्यांनी पोरीला उचललंपण. आणि पडवीतनं सासूबाय ओरडल्या, "भात गेला गो! मला नुसतं चुलीपुढं बसवलं असतंस तरी चाललं असतं! पाय मुरगळलाय माझा, हात न्हाय मुरगळले!"

वन्संच्या लुगड्याला पोरीनं सगळा चिखल लावला होता नि त्या तिला पुसतपण नव्हत्या, नुसत्या छातीशी धरून उभ्या.

"हिला न्यायलाच आलेय मी," त्या म्हणाल्या.

विहिरीचा काठ तिथंच होता.

त्यांनी कोरड्या रोपांकडे बघितलं, झोळीकडे बघितलं, मंग माझ्याकडे. मंग गाडीवाल्याला हाक मारली. "तू जा रे. घरी सांग, जाऊबायना म्हणावं चार दिवस घर बघा. मी राहतेय हितं."

ते चार दिवस ह्यांची आगबोट येईपर्यंत लांबले. सासूबाय पाय पसरून चुलीपुढं, पोर वन्संच्या कडेवर, नि मी आपली पाण्याबरोबर. एक आळं भरलं की बंद, मंग दुसरं. ऊन उतरायच्या आत शिंपणं पुरं व्हायचं, मलाच खरं वाटेना. पोर जरा कुरकुरली की मी मान वळवायची नि वन्सं ओरडायच्या, "इकडं नको बघू! पाणी बघ!" रोपांना नवी पानं फुटली. पोर मात्र रडली की आधी वन्संकडे हात करायला लागली. ते बघून मी रोज पाटाकडे तोंड फिरवायची.

हे आले, दुसऱ्याच दिवशी गाडी आली. वन्संसाठी ओल्या सुपाऱ्यांचं गाठोडं बांधलं होतं, ते माझ्या हातात. पोर त्यांच्या गळ्यात घट्ट. आता म्हणतील, आता म्हणतील, चार दिवस नेते हिला. गाठोडं काखेत मारून मी उरलेला एक हात पुढं केला.

"ते गाठोडं खाली ठेव," वन्सं म्हणाल्या. "पोरीला दोन्ही हातांनी धर."

मी धरलं. गाठोडं त्यांनीच उचललं, गाडीत बसल्या, मागं बघितलं न्हाय. घुंगरं लांब गेली तरी पोर त्या रस्त्याकडे हात करत होती, नि मी तिथंच उभी होते, दुसरं काहीएक न करता.