हिरवं पाकीट

ताइनान शहरातल्या एका इस्पितळात जे यंत्र कधीही दगा देईल अशी भीती असते, त्याच्यावर खोबऱ्याच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. मग म्हणे यंत्र शहाण्यासारखं चालतं. डॉक्टरसुद्धा त्या पाकिटाला हात लावत नाहीत.

नर्स पेइजुंगची कंबर वर्षभर अशीच दगा देत होती. कळ कधी उठेल याचा नेम नसायचा. कुणाला कळलं तर वॉर्डातून उचलून नावनोंदणीच्या खिडकीवर बसवतील, या धास्तीने ती गोळ्या गिळून हसत फिरायची.

आज वॉर्डातले पेशंट खू आजोबा यांना खुर्चीत बसवतानाच कळ आली. पाय बधिर झाला. म्हाताऱ्याचा सगळा भार तिच्या खांद्यावर होता.

"पाडतेस की काय गं पोरी?"

"छे हो आजोबा, जरा मिठी मारून घेतेय," ती घामाघूम होत म्हणाली.

आजोबा खिदळले. कसंबसं त्यांना टेकवून तिने चोरून मागे पाहिलं. दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्या वळून निघून गेल्या.

ड्यूटी संपल्यावर पेइजुंगने आपलं कपाट उघडलं.

तिच्या कोटावर कुणीतरी नवं कोरं हिरवं पाकीट ठेवलं होतं.