जागचा न हलणारा ढग

ऑफिसात तिला नकाशेबाई म्हणत. नवऱ्यानं तेच नाव घरीही चालू केलं, त्यामुळे खरं नाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. काम असं, की उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून कुठली जमीन किती हिरवी ते आकड्यांत मांडायचं, आणि त्यावरून डोंगरमाथ्यावर उन्हाळ्यात पिल्लं वाढवणाऱ्या तीरचिमण्या हिवाळ्यात जातात कुठे, ते हुडकायचं. मुठीत मावेल एवढा पक्षी, पायात ऑफिसनं घातलेलं निळं कडं. थंडी पडली की गडप.

तीन वर्षं यातच गेली. साहेबांचा हिरव्या रंगावर फार जीव. नकाशात गडद ठिपका दिसला की गाडी तिकडे. एकदा तिथे डोक्यावर गेलेलं रानतण निघालं, एकदा फवाऱ्याखाली वाढवलेला चारा आणि अंगावर धावून येणारी कुत्री. या पक्ष्याला भुईवर पळता येईल असं खुरटं, विरळ गवत लागतं, हे सांगून सांगून बाईंचं तोंड दुखलं. साहेब म्हणत, बघू. साहेबांचं 'बघू' म्हणजे विषय मिटला.

यंदा तर गाशाच गुंडाळायचा होता. हिवाळी मुक्काम सापडला नाही, असा अहवाल शुक्रवारी जाणार. मग पक्ष्यांना कडी घालणं बंद, आणि बाईंची रवानगी रस्त्यांच्या नकाशांकडे.

जाता जाता जुनी चित्रं चाळताना बाईंना एक भोक दिसलं. प्रत्येक चित्र आधी साहेबांच्या चाळणीतून जाई. ही चाळणी म्हणजे साहेबांनी तरुणपणी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम. पांढरं दिसेल तो ढग समजून ती आजूबाजूच्या भागासकट कापून टाकी. पण हे भोक दर चित्रात त्याच जागी, त्याच आकाराचं. ढग काय असा पाय पसरून मुक्काम ठोकतो? बाईंनी न चाळलेलं चित्र उघडलं. आटलेलं खारट तळं होतं ते, मिठानं पांढरंफटक. आणि त्याच्या कडेनं हवं तसं विरळ गवत, तळ्याबरोबर फुकट कापलं गेलेलं.

साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि इतकी वर्षं कुणाला चाळणीत खोट दिसली नाही म्हणाले. गाडी मिळणार नव्हती.

मग थोरल्या नणंदेला गाडी काढायला लावली. तिनं अर्ध्या गावाला गाडी शिकवलेली, त्यामुळे रिकाम्या रस्त्यावरही ती वळताना दिवा दाखवी आणि सायकलवाल्यांना पुढे जाऊ देई. बाईंचा जीव टांगणीला.

"ताई, जरा दाबा की."

"अगं, तीन वर्षं सापडली नाहीत तुझी पाखरं. अर्ध्या तासानं काय बिघडतंय?"

तळ्याकाठी पोचल्या तेव्हा ऊन डोळ्यांत खुपत होतं. आधी काहीच दिसेना. मग गवताच्या बुडाशी काहीतरी तुरुतुरु पळालं, थांबलं, शेपटी हलवली. त्याच्यामागे आणखी एक, मग कितीतरी. एकाच्या पायात निळं कडं. बाईंनी दुर्बीण नणंदेकडे दिली आणि साहेबांना फोन लावला.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "आपल्या नकाशात ती जागा कुठे येते?"

"येत नाही. चाळणी कापते म्हणून तर सांगतेय."

"मग अहवालात घालू कशी? शेवटी एक टीप टाकतो. ढगाळ भागात काही पक्षी आढळले, अशी."

बाईंनी वर पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत आभाळ निरभ्र. नणंदेनं तर डोक्यावर गाडीतलं पायपुसणं धरलं होतं.

"साहेब, इथे ढग नाहीये. आणि कडी घालायचं काय?"

उत्तर आलं, फोन बंद झाला.

"काय म्हणाले गं?" नणंदेनं विचारलं.

"बघू म्हणाले."

नणंदेनं तोंडातल्या तोंडात साहेबांना एक ठेवणीतली शिवी दिली. बाईंनी पदर खोचला, चांगल्या साडीनिशी मिठात पालथ्या पडल्या, आणि निळ्या कड्याचा पाय आणि त्याच्यावरचं ते कोरडं ठणठणीत आभाळ एकाच फोटोत यावं म्हणून कॅमेरा भुईला टेकवून राहिल्या. पक्षी होता की एका जागी थांबेना.