अकराव्या ओळीवरची सही

"हे माझं अक्षर नाही, एवढंच म्हण."

"माझंच आहे."

"अगं, म्हण नुसतं! खरं-खोटं कोण विचारतंय तुला?"

"मग काय विचारतोयस?"

ड्यूई टॅकेटने कागद टेबलावर असा आपटला की मक्याच्या पावाची ताटली हादरली. "अकरावी ओळ. ओलीटा टॅकेट. पुढे आपला पत्ता, टपालपेटीच्या नंबरासकट! वीस सह्यांचं पान, त्यात माझी बायको. आणि सापडली कुणाला? मलाच!"

"दुसऱ्या कुणाला सापडली असती तर बरं वाटलं असतं का तुला?"

"तू हसू नकोस, ओलीटा."

ओलीटा हसत नव्हती. ती त्याच्याकडे पाठ करून घेवड्याचं पातेलं उतरवत होती.

ओक्लाहोमात कोंबड्यांच्या झुंजी बंद कराव्यात की नाही, हे लोकांच्या मतावर ठरू द्या, अशा मागणीचे कागद दोन हिवाळे राज्यभर फिरत होते. पुरेशा सह्या भरल्या तर प्रश्न मतपत्रिकेवर येणार. कोंबडेवाल्यांच्या संघटनेने मग सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि गावोगाव वाटल्या. मेलेल्यांच्या सह्या शोधा, दोनदा केलेल्या शोधा, गाव सोडून गेलेल्यांच्या शोधा. ड्यूई तीन दिवस लाल पेन्सिल घेऊन या टेबलाशी बसला होता. चार वर्षांपूर्वी वारलेला रॉय स्पायर्स सहाव्या पानावर सापडला, तेव्हा त्याने टाळी वाजवली होती. आज दुपारी टाळी वाजली नाही. पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला, तेवढाच.

"वकिलाशी बोललोय मी," ड्यूई आता जरा समजुतीने म्हणाला. "बाईने शपथेवर सांगायचं, ही सही माझी नाही. मग ज्या बाईने सह्या गोळा केल्या तिची शपथ खोटी पडते. सबंध पान बाद. वीसच्या वीस! हा बघ कागद, टाइप करून दिलाय त्याने. उद्या सकाळी नऊ वाजता जायचं, सही करायची, नऊ वाजून दहा मिनिटांनी घरी."

"आणि नीव्हा?"

"नीव्हाचं काय?"

"खोटारडी ठरेल ती गावात. तिच्यासमोर केली मी सही. माझे केस होते तिच्या हातात."

"नीव्हाने केस कापावेत! लोकांच्या कोंबड्यांच्या माना कशाला कापते?"

ओलीटाने घेवडा वाढला. त्याच्या ताटलीत दोन डाव, आपल्या ताटलीत एक. शाळेच्या भटारखान्यात सव्वीस वर्षं वाढप केलेला हात तो. भांडण चालू असलं तरी सांडायचं नाही.

नीव्हाच्या पार्लरमध्ये सही केली त्या दिवशी बायकांनी ओलीटासाठी खरंच टाळ्या वाजवल्या होत्या. "बिचाऱ्या मुक्या जिवांची दया आली ना गं तुला?" असं नीव्हाने विचारलं, आणि ओलीटाने मान हलवली. ड्रायरखाली बसून मान हलवायला काय लागतं? दया वगैरे काही नव्हतं. ओलीटा कोंबडेवाल्याच्या घरात जन्मलेली. पाच वर्षांची असताना ती बापाच्या खांद्यावर बसून झुंजी बघायची आणि घरी येऊन निवांत झोपायची. तिच्या लग्नात बापाने जावयाला आपल्या वाणाचे तीन पक्षी दिले, एक कोंबडा आणि दोन माद्या. सोबत मुलगी. ड्यूईने हे मोजताना पक्षी नेहमी आधी मोजले.

त्याचंही तिला फारसं कधी वाटलं नाही. पस्तीस वर्षं परसात पिपांखाली बांधलेले कोंबडे आरवायचे आणि ती पीठ मळायची. मग पाद्री आला. गळ्याशी पांढरी पिसं, म्हणून पाद्री. त्याला उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग बारीक चिरून. त्याला सफरचंद, साल काढून. ओलीटाला सालीसकट चालतं का, हे ड्यूईने कधी विचारलंही नव्हतं. त्याच्या पायांना संध्याकाळी स्पिरिट चोळायचं, आणि चोळताना बोलायचं. "काय राजा? दमलास राजा?" पाद्रीच्या सात पिढ्या ड्यूईला तोंडपाठ. आणि बँकेतल्या मुलीने त्याच्या लेकीचं जन्मवर्ष विचारलं की हा छताकडे बघणार.

ओलीटाला ते आवाज ऐकू येत. स्वयंपाकघराची खिडकी बंद केली तरी येत. "राजा" म्हणताना त्याचा आवाज हळवा होऊन खाली जायचा. तो तसा खाली जातो हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. कुठे गेला तो आवाज, असं तिला मधली सगळी वर्षं वाटत होतं. गेला नव्हता कुठेच. परसात होता.

"सांग ना," ड्यूई म्हणाला. घास न घेता तो चमचा फिरवत होता. "का केलीस? लाजवायचं होतं मला?"

"फेब्रुवारीत केली."

"कधी केली ते नाही विचारत."

"मी तेच सांगतेय. माझं पित्ताशय काढलं, मी पाचव्या दिवशी घरी आले. आठवतंय? मॅकअॅलेस्टरला इस्पितळात तू दोनदा आलास. दुसऱ्यांदा टोपीसुद्धा काढली नाहीस."

"पक्ष्यांना पाणी कोण घालणार होतं?"

"घरी आले त्या दिवशी बर्फ पडत होतं. मी या खुर्चीत बसले होते, घोंगडी घेऊन. तुला हाक मारली, चहा दे म्हणून. तू म्हणालास आलोच. आणि खिडकीतून मी बघितलं." पुढचं वाक्य तिने नीव्हालाही सांगितलं नव्हतं. "पाद्रीचं डोकं तोंडात धरलं होतंस तू. डोळे मिटून. कितीतरी वेळ."

ड्यूईला क्षणभर काही कळलं नाही. मग तो मोठ्याने हसला, सुटल्यासारखा. "अगं बाई! तो गारठला होता! ऊब देतात तशी. तुझा बापही द्यायचा!"

"मीही गारठले होते."

हसू त्याच्या मिशीतच राहिलं.

"चहा मीच केला," ओलीटा म्हणाली. "टाके धरून उठले आणि केला. आणि शनिवारी नीव्हाकडे गेले."

"तू..." ड्यूईने बोट आधी खिडकीकडे केलं, मग तिच्याकडे. "कोंबड्यावर जळतेस तू? या वयात? मी संघटनेत सांगू काय लोकांना? वीस सह्यांतल्या एकोणीस दयेच्या नावाने, आणि माझी बायको कोंबड्याची सवत?"

"हेच सांग. निदान खरं असेल."

बाहेर पाद्री आरवला. ड्यूईची मान आपोआप वळली. वळली आणि अर्ध्यातच थांबली, कारण ओलीटा बघत होती.

तिने वकिलाचा कागद ताटल्यांमधून ओढून घेतला, चष्मा लावला, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग मिठाच्या बाटलीखाली ठेवला, उडू नये म्हणून.

"मी येते उद्या नऊ वाजता," ती म्हणाली. "पवित्र पुस्तकावर हात ठेवून खोटं बोलते. नीव्हाला जन्मभर तोंड दाखवणार नाही, केस घरी कापेन. तुझे बाकीचे चाळीसच्या चाळीस पक्षी राहू देत. फक्त पाद्री दे. माझ्या भावाला दे, आर्कान्सात. आज. अजून उजेड आहे, तीन तासांचा रस्ता आहे."

"ओलीटा..."

"चाळीस ठेव, एक दे. एवढंच विचारलंय मी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा."

ड्यूईने मिठाच्या बाटलीखालच्या कागदाकडे बघितलं. मग उठला. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. टेबलाशी परत आला, आणि तिला वाटलं आता खांद्यावर हात ठेवेल. त्याने तिच्या ताटलीतला मक्याच्या पावाचा तुकडा उचलला, न खाल्लेला, लोणी लावलेला. अंगठ्याने लोणी पुसून टाकलं, तुकडा मुठीत बारीक चुरला आणि जाळीचं दार कोपराने ढकलून परसात निघून गेला. गाडी सुरू झाली नाही; परसातून तोच खाली गेलेला आवाज आला, "काय राजा?"