धाकटीच्या घरी लाईन असते

आई धामणगाव रेल्वे या गावी एकटी राहते. बाबा गेल्यावर आम्ही दोघी बहिणींनी तिला आपापल्याकडे नेण्याचा प्रयत्न केला, पण कापसाच्या जिनिंगमागच्या त्या दोन खोल्या सोडायला ती तयार झाली नाही. धाकटी अकोल्याला जुन्या शहरात असते, मी बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. धाकटीनं आईला मोठा फोन घेऊन दिला, घरात वायफाय बसवून दिलं आणि व्हिडिओ कॉल कसा उचलायचा तेही शिकवलं. तेव्हा मला आनंदच झाला होता. आता आई रोज दिसेल, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा.

दिसायला लागली, पण धाकटीला.

आमच्या गावात लाईनचा, म्हणजे विजेचा, भरवसा नाही. वारा सुटला की जाते, आभाळ गडगडलं की जाते. रब्बीत सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरची डीपी जळते, आणि ती जळाली की आठ-आठ दिवस कोणी फिरकत नाही. लाईन गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो. मग जी काय उरलीसुरली रेंज असते ती बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर. मी अंगणवाडी सेविका आहे. पोरांची हजेरी, वजनं, सगळं मोबाईलमध्ये भरावं लागतं, ते मी त्याच पायऱ्यांवर बसून भरते. फोनची चार्जिंग संपली तर नवरा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावून आणतो. या सगळ्याची मला सवय झाली होती. आईच्या बाबतीत मात्र होईना.

संध्याकाळी पायऱ्यांवर बसून फोन लावला की आईचा चेहरा यायचा, तोंड उघडं असताना थिजायचा, आणि मग नुसताच आवाज.

"जयभीम आई. जेवली काय?"

"...ले सांगतलं... आपल्या गल्लीतली..."

"काय म्हणतं?"

"तुहा आवाज तुटून राहिला वं. मंग कर."

मग करायला लाईन यायला पाहिजे. ती यायची तेव्हा आई झोपलेली असायची.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा साधा फोन यायचा. "ताई, आईच्या पायरीखाली मांजरीनं पिल्लं दिली, पाहिली का? एक तर पूर्ण पांढरं आहे." मी पाहिली नव्हती. आईनं अंबाडीची भाजी केली, आईचा गुडघा दुखतो, आईनं खिडकीला नवीन पडदा लावला, हे सगळं मला धाकटीकडून कळायचं. ती मिरवायची नाही. मिरवली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. "हो का," असं म्हणून मी फोन ठेवायची आणि मग स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

धाकटीचं लग्न झालं तेव्हा मला तिची दया आली होती. अंगण नाही, समोरच्या घराची फोडणी आपल्या घरात, उन्हाळ्यात मोर्णा नदीचा वास. माझ्या घरापुढं कडुनिंब होता, मागं शेत. आता तिच्या त्याच गल्लीचा मला हेवा वाटायला लागला. तिथं लाईन गेली तरी इन्व्हर्टर होता.

एकदा मी तिच्याकडे मुक्कामाला गेले तेव्हा सकाळी पाहिलं. धाकटीनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. इकडं ही पोळ्या लाटत होती, तिकडं आई तुरीची डाळ निवडत होती. दोघी बोलतही नव्हत्या. मध्येच आई म्हणाली, "गॅस बारीक कर वं," आणि पुन्हा गप्प. मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले. माझ्या वाट्याला दोन-तीन मिनिटं यायची, त्यात मी तब्येत, गोळ्या, जेवण सगळं कोंबायची. आणि धाकटीकडे आई इतकी होती, की गप्प बसून ती वाया घालवणंही तिला परवडत होतं. मी तो चहा मोरीत ओतून टाकला.

मग मोतीबिंदूचं निघालं. धाकटीचा फोन आला, "ताई, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. इथंच अकोल्याला करू."

"कोणी ठरवलं?"

"आई न् मी. तुला लावला होता फोन. लागलाच नाही."

"मी मेली असती तरी तुमाले पत्ता लागला नसता," असं म्हणून मी फोन बंद केला. डोकं इतकं तापलं होतं, की सकाळी रजा टाकली, बसनं अकोला गाठलं आणि पॅसेंजर धरून सरळ धामणगावला गेले. कोणालाच कळवलं नाही.

आई दारात उभी राहून डोळे बारीक करून पाहत राहिली. मी अगदी जवळ गेले तेव्हा तिला ओळख पटली.

"कावून वं? घरी सारे बरे हायेत ना?"

"तुले पाहाले आली."

तिनं माझा चेहरा हातात धरला, गालावरून बोट फिरवलं. "किती वाळली वं तू. फोनात तर समजतच नाही."

दिवसभर मी तिच्यामागं फिरले. तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं. मांजरीची पिल्लं दाखवली. ती आता मोठी होऊन भिंतीवर चढत होती. गल्लीतल्या कोणाच्या सुनेची काय काय गोष्ट होती, जी माझ्यापर्यंत आजवर तुकड्या-तुकड्यांनी आली होती, ती अख्खी सांगितली.

संध्याकाळी फोन वाजला. धाकटी. आईनं सवयीनं फोन डब्याला टेकवला आणि समोर बसली. मी बाजूच्या खाटेवर, धाकटीला दिसणार नाही अशी. तिथं, आईपासून हातभर अंतरावर बसूनही, मला वाटलं की आपण परक्याच्या घरी आलो आहोत.

"आई, ताईचा फोन आलता का? लई रागावली माझ्यावर."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी हातानं नको-नको केलं.

"आता कसं करू? तिचा फोन लागत नाही न् ती मलेच—"

"लाईन गेली वाटते बाई," आई म्हणाली. "ठेवतो मी." आणि तिनं बोटानं लाल बटण दाबलं.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"आई, पंखा चालू हाये."

"हाव. तेवढं दिसते मले."

मला हसू फुटलं. आईनं धाकटीला माझ्यासाठी खोटं सांगितलं! कित्येक महिन्यांत असं बरं वाटलं नव्हतं. पण ते बरं वाटणं चुलीवरचा चहा होईपर्यंतही टिकलं नाही. मनात आलं, हिला इतकं सहज जमतं, तर...

"आई, मलेही असंच सांगतं काय? आवाज तुटून राहिला म्हणून?"

आई चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही. "तुले खोटं सांगाची पाळीच येत नाही. तुही लाईन माह्या आधीच जाते."

मी चहा घेतला.

ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्यात मी आणि धाकटी एका बाकावर बसलो. ती म्हणाली, "तू त्या दिवशी तिथंच होती ना? आईनं नंतर सांगितलं." मी हो म्हटलं. तिनं पिशवीतून डबा काढून माझ्यापुढं केला आणि तो विषय तिथंच संपला.

आई तिच्याकडेच राहणार हे मी धरून चालले होते. पण काही दिवसांनी आईनंच बोलणं काढलं. "सकाळपासून फोनच फोन. जो तो म्हणते डोळा दाखव, डोळा दाखव. मोठीच्या गावी फोन लागत नाही. तथी जातो मी." हा मान होता की अपमान, याचा विचार करत न बसता मी तिची पिशवी भरली.

आई कडुनिंबाखाली काळा गॉगल लावून बसू लागली. रात्री लाईन नसली की मी पुठ्ठ्यानं वारा घालायची. आता धाकटीचे फोन तुटायला लागले. "ताई, दिसत नाही गं आई, नुसती गोल-गोल फिरते," ती म्हणायची. मी म्हणायची, "इथं असंच असते." ते म्हणताना मला गोड वाटायचं, हे खोटं कशाला सांगू?

एका संध्याकाळी आईच म्हणाली, "चाल वं, पायऱ्यांवर जाऊ. धाकटीले फोन लावून दे."

आणि ती आत गेली. केस विंचरले. अंगावरचं चुरगळलेलं पातळ बदलून निळं काढलं. तोंडाला पावडर लावली. बाहेर येऊन विचारलं, "चष्मा सरळ हाये ना? तिले नीट दिसलो पाहिजे."

दिवसभर मी तिच्यासमोर होते. माझ्यासाठी तिनं पदरही सारखा केला नव्हता. विहाराकडं जाताना मी तिचा हात धरला, जरा जास्तच घट्ट.

"हळू वं," आई म्हणाली. "पळून नाही चाललो मी."