पेशी हात कधी सोडणार?

साताऱ्याच्या कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं शिपाई होतो. शिक्षण सातवी, तीही ढकलून! तिथले किस्से मी कधी जमवले नाहीत. फॉर्मालिनचा वास शर्टाला बसतो तसे ते अंगाला बसले, धुऊनही जात नाहीत.

नव्वद सालानंतर आमच्या विभागात शिकवणाऱ्या घोरपडे मॅडम पीएच.डी.ला लागल्या. विषय ऐकून मी उडालोच. अंड्यात पिल्लू घडताना त्याच्या पाठीवरच्या काही पेशी म्हणे एकमेकींना घट्ट धरून असतात. मग एकदम हात सोडतात आणि चालू लागतात! कुणी जाऊन तोंडाचं हाड होते, कुणी पिसांचा रंग.

"त्यास्नी कोण सांगतं, आता निघा म्हणून?" मी विचारलं.

"तेच शोधायचंय, तात्या."

"म्हंजे तुमालाबी म्हाईत न्हाई?"

"न्हाई!" मॅडम माझ्याच बोलीत म्हणाल्या.

*

पहिला महिनाभर अंडी उबवली, फोडली. आत नुसता बलक! विभागाच्या हेड सरांनी थर्मामीटर बदलला, मेकॅनिकनं इनक्युबेटर खोलला. सगळे चक्रावलेले. शेवटी अंडी पुरवणारे लोणंदचे रज्जाकभाई दारातून डोकावले.

"आवं मॅडम, ही पोल्ट्रीची अंडी. तिथं कोंबडाच न्हाई, पिल्लू हुईल कुठनं?"

हेड सर घसा खाकरून म्हणाले, "हे मला ठाऊक होतं."

त्या दिवसापासून वडूजहून गावरान अंडी यायला लागली.

*

हे हेड सर मूळचे सांगलीचे, भलतेच गंभीर. कवचाला चौकोनी खिडकी पाडून पोरांना भ्रूण दाखवायचे. एकदा मी ट्रेमध्ये एक उकडलेलं अंडं सरकवलं. सरांनी खिडकी पाडली. आत पांढरंशुभ्र, घट्ट! सर भिंगातून पाच मिनिटं बघत राहिले.

"मुलांनो, हा फार दुर्मीळ प्रकार आहे."

शेवटी मीच मीठ आणून दिलं!

*

पेशी एकमेकींना धरून राहतात त्या कॅल्शियममुळे. "म्हणजे तुमच्या तंबाखूतल्या चुन्यात असतं ना, तेच," मॅडमनी मला समजावलं. कॅल्शियम नसलेल्या पाण्यात ठेवल्या की त्या सुटायला हव्यात. तीन आठवडे झाले, एक सुटेना! तेवढ्यात पुण्याच्या गाईड सरांचं पत्र आलं : पेशी चालताना दाखवा, नाहीतर विषय बदला. चार वर्षांचं काम पाण्यात! मॅडम जेवेनात.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिस्टिल्ड वॉटरच्या मशीनची कॉइल जळालेली, म्हणून कॅन मी बोअरच्या पाण्यानं भरत होतो. कॅनला आतून पांढरा थर, म्हणजे चुनाच! ही चेष्टा नव्हती हो, निव्वळ आळस.

"तीन आठवडे, तात्या!" मॅडम एवढंच म्हणाल्या.

मी धावत एसटी स्टँडजवळच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं. मॅडमनी त्यात मोजून मीठ मिसळलं, अर्ध्या तासात पेशी सुट्या! पण नुसत्याच सुटल्या. जागच्या हलेनात. हात सोडणं निराळं आणि निघणं निराळं, हे तेव्हा मॅडमना कळलं. मला अजून कळलेलं नाही.

*

अखेर गाईड सर आले. विषय बदलायचा अर्ज टाईप करूनच आणलेला, फक्त मॅडमची सही बाकी. आदल्या दिवशी मॅडमनी पिल्लाच्या पाठीचा ताजा तुकडा साध्या, कॅल्शियमवाल्या पाण्यात मायक्रोस्कोपखाली ठेवलेला, आपणहून कोण निघतं ते बघायला. त्यांना प्रॅक्टिकल होतं, म्हणून दर अर्ध्या तासानं आकृती काढायला मला बसवलं होतं. "दिसेल तेच काढा, डोकं चालवू नका."

सरांनी माझे चार कागद पाहिले. पहिल्यात सगळ्या पेशी चिकटून. दुसऱ्यात एक सुटलेली. तिसऱ्यात ती लांब. चौथ्यात परत येऊन चिकटलेली!

"सुटलेली पेशी अशी परत येत नाही हो."

"मीबी तिला त्येच म्हणलं, सायेब!"

मॅडमचा चेहरा उतरला. "तात्या, पाया पडते. चेष्टा केली असेल तर आत्ताच सांगा."

"आईशप्पत न्हाई!"

सर स्वतः मायक्रोस्कोपला बसले. अकराची पुण्याची गाडी गेली. दोनची गेली. चहावर साय धरली. चार वाजता त्यांनी मान वर केली. समोर त्यांनी काढलेल्या सहा आकृत्या होत्या, त्या विषय बदलायच्या अर्जाच्या पाठीमागं! सहाव्या आकृतीत सुटलेली पेशी परत चिकटलेली.

सर उठले. वाकून टेबलाखाली बघितलं. मग हळूच मला म्हणाले,

"तात्या, खरं सांगा, खालून तुम्ही काही करताय का?"